बीएला पैसे नाहीत, मग मोडी लिपी वाचणार कोण?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

उच्च शिक्षणाच्या अनुदानाबद्दल तुमच्या पेपरात येतं ते मी नेमाने वाचते आणि दरवेळी त्यात तोच शब्द असतो, रोजगारक्षम. ज्या कोर्सला नोकरी लागते त्याला निधी, बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं. माझी मुलगी दादरच्या एका अनुदानित कॉलेजात बीएला आहे, त्यामुळे हे धोरण वर्गात कसं उतरतं ते आमच्या घरात रोज ऐकायला मिळतं, म्हणून लिहितेय.

कला शाखा कोणी जीआर काढून बंद करत नाही. एक प्राध्यापक रिटायर होतात, जागा भरत नाहीत, तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं असतात ही, त्यांना तासावर पैसे आणि मे महिन्यात काहीच नाही, मग जरा बरं काही मिळालं की ती निघून जातात. शिकवायला कायमचं कोणी नाही म्हणून मुलं कमी, मुलं कमी म्हणून वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास, कमी, वर्कलोड नाही म्हणून जागाच मंजूर नाही. आणि वर म्हणायला मोकळे की मुलांनाच हे विषय नकोत! माझ्या मुलीला टीवायला तत्त्वज्ञानाचे सहाच्या सहा पेपर घ्यायचे होते, कॉलेजने सांगितलं तेवढी मुलं होत नाहीत, दुसरा विषय घे. त्याच बिल्डिंगमध्ये बीएमएस, बीएएफ हे मॅनेजमेंट, अकाउंटिंगचे सेल्फ फायनान्सचे, म्हणजे विनाअनुदानित, वर्ग गच्च भरलेले, फी कितीतरी जास्त, आणि कॉलेजचा खर्च त्यातूनच निघतो. कॉलेजवर माझा राग नाही, त्यांना दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

केंद्राच्या संस्थांचंही वेगळं नाही. २०१७ पासून हेफा ही उच्च शिक्षण संस्थांना कर्ज देणारी सरकारी कंपनी आली, म्हणजे इमारती, लॅब यासाठी आधी अनुदान मिळायचं तिथे आता कर्ज, आणि बऱ्याच संस्थांनी मुद्दलाचा निदान काही भाग स्वतःच्या कमाईतून फेडायचा. आयआयटीला जमेल कदाचित, पण इतिहासाच्या विभागाची कमाई म्हणजे मुलांची फीच ना? इकडे देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) २०२४ च्या जूनमध्ये ५० च्या वर शिक्षकांना आणि जवळपास तितक्याच कर्मचाऱ्यांना एकदम नोटिसा गेल्या, कारण त्यांचे पगार एका ट्रस्टच्या पैशावर होते आणि तो पैसा आला नव्हता. गाजावाजा झाला, नोटिसा मागे घेतल्या, पण समाजशास्त्रासारखा विषय कोणाच्या तरी देणगीवर किती दिवस चालवणार? शिक्षणावर जीडीपीच्या ६ टक्के खर्च करा असं कोठारी आयोगाने १९६६ ला सांगितलं, २०२० च्या धोरणातही तेच ६ टक्के लिहिलंय.

परदेशात असंच असतं असं कोणी सांगेल तर ऑस्ट्रेलियाचं बघा. त्यांनी २०२१ पासून इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांची फी दुपटीच्या वर नेली, वर्षाला साधारण १४,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नर्सिंग, शिक्षकी पेशाची कमी केली, हेतू हाच की मुलांनी नोकरीच्या कोर्सला जावं. २०२४ ला सरकारनेच नेमलेल्या समितीने सांगितलं की ही पद्धत अन्यायाची आहे, तातडीने बदला. आपण तेच करतोय, फक्त फी न वाढवता.

आता उपयोगाचंच बोलायचं तर मोडीचं, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीचं बोलू. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली, तहसील कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली, त्यातल्या बऱ्याच नोंदी मोडीत, आणि मग मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. लाखो लोकांच्या दाखल्यांचा प्रश्न आणि वाचणारे इतके थोडे! काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, पुण्यात पेशवे दफ्तर आहे, तिथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत, जमिनी, इनामं, वतनं, सगळं त्यात. हे कोणत्या प्लेसमेंट सेलच्या हिशेबात बसतं? मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आनंद झालाच, पण तो मागताना नाणेघाटच्या शिलालेखाचा पुरावा दिला होता आणि तो वाचायला ब्राह्मी आणि प्राकृत येणारा माणूस लागतो. असा माणूस बीए, एमए करूनच तयार होतो, दहा-पंधरा वर्षं लागतात, गरज पडली की जाहिरात देऊन मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच आहे. श्रीमंतांची मुलं हेच विषय आता लिबरल आर्ट्स नावाने खासगी विद्यापीठात वर्षाला काही लाख भरून शिकतायत, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य सगळं, आणि त्यांना कोणी विचारत नाही याचा उपयोग काय. उपयोग काय हा प्रश्न फक्त लालबाग-भांडुपच्या मुलांना. त्यांनी मात्र कौशल्य शिकायचं आणि लवकर कामाला लागायचं. माझ्या मुलीला विचार करायला शिकायचंय, वाद घालायला शिकायचंय, ते तिला परवडणाऱ्या फीत मिळालं पाहिजे, आणि ही मेहेरबानी नाहीये, आम्हीपण टॅक्स भरतो.

शिक्षण खात्याकडे मागणी एवढीच की अनुदानित कॉलेजातल्या कला शाखेच्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, आणि तत्त्वज्ञान, पाली, संस्कृत, इतिहास असे विषय मुलांच्या संख्येवर तोलू नका, मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत निदान काही कॉलेजं ठरवून द्या जिथे पाच मुलं आली तरी वर्ग चालेल. पुढच्या जूनमध्ये एफवायचे प्रवेश सुरू व्हायच्या आधी हे करता येण्यासारखं आहे.

आपली,
एक पालक, भांडुप