गीझरच्या दुर्गंधीचे कारण ग्राहकाला सांगा : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

पुण्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या अनेक सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात. तिथल्या काही घरांत गरम पाण्याचा नळ सोडताच बाथरूममध्ये कुजक्या अंड्यांचा वास भरतो, पण थंड पाण्याला तो येत नाही. तक्रार केली की कंपनीचा माणूस येऊन पाण्याला दोष देतो किंवा नवा गीझर घ्यायला सुचवतो. आमच्याकडेही हेच झाले.

वास केवळ गरम पाण्यालाच येत असेल, तर तो बहुधा गीझरच्या टाकीतच तयार होतो. टाकी गंजू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमचा रॉड बसवलेला असतो. टाकीऐवजी तो झिजतो, आणि पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू बनवणाऱ्या जिवाणूंना ही झीज पोषक ठरते. त्यात आपण वीजबिलाच्या धास्तीने गीझर थोडाच वेळ लावतो, त्यामुळे उरलेले कोमट पाणी टाकीत दिवसभर साचून राहते व जिवाणूंचे फावते. हा वायू अत्यल्प असला तरी नाकाला कळतो. चांदीची जोडवी, पैंजण काळी पडतात ती त्यानेच.

उपाय अवघड नाहीत. टाकीतले पाणी ६० अंशांच्या वर काही तास तापवून, भाजणार नाही अशा बेताने सोडून द्यावे, किंवा टाकी क्लोरीनने निर्जंतुक करून स्वच्छ धुवावी. तरीही वास परतला तर ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूचा अथवा विजेवर चालणारा टायटॅनियमचा रॉड बसवावा. रॉडच काढून टाकण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात, तो मात्र घातक आहे : वास जातो आणि पाठोपाठ टाकीही.

साठवणीच्या विजेच्या गीझरला आयएस २०८२ या मानकाचे चिन्ह सक्तीचे आहे आणि ते देणारा भारतीय मानक ब्यूरो आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. म्हणून आपण असा नियम करावा, की रॉड कोणत्या धातूचा आहे, तो कधी तपासावा आणि वास आल्यास काय करावे, हे प्रत्येक गीझरसोबत ग्राहकाच्या भाषेत छापील मिळेल, पर्यायी रॉड सेवा केंद्रात विकत मिळेल आणि कंपनीच्या माणसाकडून तो बसवून घेतल्यास वॉरंटी रद्द होणार नाही.

कळावे,
पुण्यातील एक ग्राहक