वर्षानं ड्रोन परत फिरवला

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१२ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. इकडे सगळं ठीक. माझी शुगर होती तिथंच आहे, हिचे गुडघे दुखतात, औषध चालू आहे. झालं तब्येतीचं.

बंडूला पुरतं ओळखणारे आता आपण दोघंच उरलो, म्हणून तुलाच लिहितो. त्याची मुलगी वर्षा ड्रोन उडवते हे तुला माहीत आहे. बचत गटाला मिळालेला ड्रोन, तिनं पंधरा दिवस प्रशिक्षण घेतलं, परवाना काढला. गेल्या आठवड्यात धुऱ्यापलीकडच्या पाटलाच्या कापसाच्या वावरात तिची फवारणी होती आणि मी मुद्दाम बघायला गेलो. दहा लिटरची टाकी, एकरभर वावर दहा मिनिटांच्या आत. कोपरे आधी नकाशात भरून ठेवलेले असतात, मग ते यंत्र आपलं आपण तास धरून जातं-येतं. वर्षा रिमोट घेऊन धुऱ्यावर उभी. अर्धंअधिक वावर झालं असेल, तिनं एकदम ड्रोन जागीच थांबवला, मागे घेतला आणि उतरवला.

पाटील ओरडला, "काऊन थांबवलं?"

"काका, थ्या पऱ्हाटीत कोनीतरी हाये. मले लुगड्याचा काठ दिसला."

खरंच होतं. शेवंताबाई शेजारच्या वावरातून गवत कापत कापत आत आली होती. वाकलेली बाई दिसावी इतकी पऱ्हाटी ठेंगणी नव्हती. नकाशात ती नव्हतीच, असणार कुठून?

पाटील बॅटरी वाया गेली म्हणून कुरकुरला. दुरुस्तीला आलेला एक पोरगा तिथं होता, तो त्याला म्हणाला, "दादा, नवीन मॉडेलात ही कटकटच नाही. कॅमेरा आहे, सेन्सर आहे. कुठं मारायचं, कुठं थांबायचं ते मशीन स्वतः ठरवते. ताईला वावरात उभं राहायची गरजच नाही." पाटलानं लगेच भाव विचारला. वर्षा काही बोलली नाही, टाकी धुवायला घेतली. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही.

लगेच खुश होऊ नकोस. अमरावतीच्या होस्टेलात आपण ज्या विषयावर रात्र रात्र भांडलो, त्यात मी तुझ्या बाजूला आलेलो नाही. विज्ञान शाप की वरदान! वादविवादाची ढाल तू शाप म्हणून जिंकलास आणि ती अजून तुझ्या बैठकीत आहे, पण त्या ढालीखाली बसणाऱ्या माणसाच्या छातीत आज पेसमेकर आहे हे मी वहिनींच्या देखत बोलून दाखवणार आहे. तो नीट चालू दे, त्याची तपासणी वेळेवर करत जा.

२०१७ च्या त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या साली पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, नोझल वर धरून मारावं लागे आणि सगळा फवारा तोंडावर उतरे. हातमोजे नाहीत, तोंडाला फक्त दुपट्टा, अंगातलं बनियन भिजून पाठीला चिकटलेलं. दवाखान्यात बंडूच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या आपण दोघांनी पाहिल्या. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "हे तुझं विज्ञान." तेव्हा ती वेळ उत्तर द्यायची नव्हती. आज देतो. ड्रोन असता तर बंडू त्या फवाऱ्यात उभाच राहिला नसता. त्याची पोर आज वाऱ्याची दिशा बघून, लांब धुऱ्यावरून तेच काम करते. हेही विज्ञानच आहे, सुधाकर. आणि तुझ्या आजीच्या तोंडावर होते तसे देवीचे व्रण तुझ्या पोरांच्या तोंडावर नाहीत. तो रोग जगातून गेला असं १९८० मध्ये जाहीर झालं ते काही नवसानं नाही.

पण त्या औषधांचं कूळ मी नंतर खणून काढलं, ते ऐक. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पिकावरच्या किडी मारायला नवीन रसायन शोधत होता. त्याच्या हाती लागला टाबून, माणूस मारणारा वायू. थेंबभर सांडला तर त्याच्या आणि त्याच्या मदतनिसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या, श्वास लागेना. दोन वर्षांनी सारिन. मोनोक्रोटोफॉससारखी आपली ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं त्याच घराण्यातली. किडीच्या मज्जातंतूंतलं जे विकर, म्हणजे एन्झाइम, ती बंद पाडतात, तेच आपल्या अंगात आहे. युद्धातला सगळ्यात जहाल म्हणतात तो व्हीएक्सही १९५० च्या दशकात इंग्लंडात कीटकनाशकांच्याच शोधातून निघाला. म्हणजे वावर आणि रणांगण यांच्यात पहिल्यापासून एकच भिंत आहे, आणि ती पातळ आहे.

आता पुढचं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका लहान औषधकंपनीतल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. त्यांचा संगणक नवीन औषधं सुचवायचा आणि विषारी निघालेल्याला गुण कापायचा. त्यांनी एवढंच केलं की विषारी निघालं तर गुण वाढवायला सांगितलं. सहा तासांच्या आत त्यानं चाळीस हजार रेणू काढून दिले. त्यात व्हीएक्स होता आणि त्याहून जहाल ठरतील असे नवीनही होते. श्राडरनं एकेक रसायन हातानं बनवून, स्वतःचा श्वास कोंडून घेऊन जे गाठलं, ते इथं संध्याकाळचा स्वयंपाक व्हायच्या आत. त्या माणसांनी त्यातलं काही बनवलं नाही. ते स्वतःच घाबरले आणि जगाला सावध करायला लिहिलं. पण हात आवरणं ही त्यांची मर्जी होती, यंत्राची नव्हे.

इथं तू विनोबा काढशील. काढच. पवनारला त्यांच्या समोर बसल्याचं तू इतक्या वेळा सांगितलंस की मला त्या ओसरीवरच्या चटया पाठ आहेत. विज्ञान आणि हिंसा एकत्र आली तर सर्वनाश, विज्ञान आणि अहिंसा एकत्र आली तर सर्वोदय. ढाल तुला ह्या एका समीकरणानं मिळाली. मी ते नाकारत नाही. हिरोशिमानंतर जगात शहाण्यासारखं जे थोडं बोललं गेलं त्यात हे आहे. पण मला त्यात एक पद कमी वाटतं. घाई. त्या पोराच्या मनात हिंसा नाही रे, त्याला चार मशिनी विकायच्या आहेत. पाटलाच्या मनात नाही, त्याला पाऊस यायच्या आत वावर उरकायचं आहे. आणि शेवंताबाई तरीही पऱ्हाटीत आहे.

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. रशियात स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा चव्वेचाळीस वर्षांचा अधिकारी इशारा-केंद्रावर ड्यूटीला होता. संगणकानं सांगितलं, अमेरिकेनं क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी, मग आणखी, एकूण पाच. खात्री किती, तर सर्वोच्च. वर कळवायला मिनिटं हातात, आणि वरच्यांनी खरं धरलं असतं तर त्या काळी दोन्हीकडे मिळून हजारो अण्वस्त्रं होती. तो म्हणाला, युद्ध सुरू करायचं तर कोणी पाचच कशाला सोडेल? त्यानं हा खोटा इशारा आहे असं कळवलं. खरंच खोटा होता. उंचावरच्या ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहानं आग समजून वाचलं होतं. त्या ढगांच्या, त्या उपग्रहाच्या मनात कुठली हिंसा? आणि "पाचच कशाला" हा प्रश्न त्याला कोणी भरून दिला नव्हता. तो माणसाला पडला.

मी स्वतःशी खूप भांडलो ह्यावर. कॅमेरा वर्षापेक्षा आधी शेवंताबाईला बघेल, हे शक्य आहे. बरेचदा बघेलही. दमलेल्या डोळ्यांपेक्षा सेन्सर बरा, हे मी पोरांना शिकवत आलो आणि ते खरं आहे. मग मला भीती कसली? हीच की जे बघायला शिकवलं ते यंत्र उत्तम बघेल, आणि जे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं तिथं ते खात्रीनं, जोरात, क्षणात चुकेल. तेव्हा धुऱ्यावर कोणी उभं नसेल. "तिथं उभं राहायची गरज नाही" हे विकण्यासारखं वाक्य झालं, सुधाकर, त्याचा मला धसका बसला आहे.

आणि हे आपल्या वावरापुरतं नाही. ज्या जेफ्री हिंटननं ह्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रांचा पाया घातला, तो २०२३ मध्ये मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून धोका सांगत फिरू लागला. पुढच्या वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच २०२३ च्या मे महिन्यात शेकडो जाणकारांनी एका वाक्याखाली सह्या केल्या की ह्या यंत्रांमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका महामारी आणि अणुयुद्धाच्या पंगतीत धरा. सह्या करणाऱ्यांत ती यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या चालवणारेही आहेत. सही केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागले, कारण आपण थांबलो तर शेजारचा पुढं जाईल. अळी मारणारं बीटी कापसाचं बियाणं २००२ मध्ये आलं, २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळी ते पचवून आपल्याकडे पसरली, आणि त्या पंधरा वर्षांतही आपल्याला सावध होता आलं नाही. इथं तर पंधरा महिनेही कोणी देत नाही.

मग नकोच ते सगळं, असं तू म्हणशील. लोणार आठव. दैत्यसूदनाच्या देवळातून निघून आपण कड्यावर बसलो होतो, तुझी चप्पल खाली गेली आणि तू ती आणायला मला पाठवलंस, मी गेलो नाही, त्यावरून परतीच्या शकुंतला रेल्वेत मूर्तिजापूर ते दारव्हा तू माझ्याशी बोलला नाहीस. चप्पल जाऊ दे. पावणेदोन किलोमीटरहून मोठा तो खड्डा पाडायला आभाळातल्या एका दगडाला कुठलं विज्ञान लागलं नाही. हात जोडून बसलो तरी असा दगड यायचा तेव्हा येईलच. २०२२ मध्ये अमेरिकेनं डार्ट नावाचं यान एका छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं, आणि मोठ्या सोबत्याभोवतीचा त्याचा फेरा बत्तीस-तेहतीस मिनिटांनी कमी झाला. माणसानं आकाशातला दगड पहिल्यांदा ढकलला. ती तारीखही त्यांच्याकडे २६ सप्टेंबरच होती. पेत्रोव नसता तर हे बघायला कोण उरलं असतं कोणास ठाऊक. म्हणून मला ह्या दोन गोष्टी तोडता येत नाहीत. विज्ञान सोडलं तरी आपण मरू शकतो, आणि विज्ञानाला घाईच्या हाती दिलं तर नक्की मरू.

थांबता येतं, हेही खरं आहे. १९७५ मध्ये जनुकं जोडणारे शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात एकत्र बसले आणि आपल्याच प्रयोगांना त्यांनी कुंपण घातलं. ओझोनला भोक पडतंय म्हटल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला आणि तो पाळलाही गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष निदान एवढं तरी म्हणाले की अण्वस्त्र वापरायचं की नाही हे माणूसच ठरवील. तोंडचे शब्द आहेत, मला ठाऊक आहे. पण म्हणावं लागलं, म्हणजे उलट व्हायचा रस्ता कुठंतरी उघडा आहे.

तुझं काय चाललंय? चिन्मयचं पुण्यातलं काम टिकलं का? तिकडे लोक कमी करताहेत असं ऐकलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी की नंतर, तेवढं कळव, ही यायचं म्हणते. जावयाचं मिटलं असेल असं धरून चालतो.

आता मुख्य काम. गटाच्या बायका नवीन मशीन घ्यायचं की नाही हे ठरवायला पुढच्या रविवारी शाळेत बसणार आहेत. पाटील आणि तो पोरगाही येणार. वर्षानं मला विचारलं, "काका, घेतलं तरी धुऱ्यावर माणूस उभा राहीलच, असा नियम गटाला करता येते का? अन् म्या एकटीनं म्हटलं तर ऐकतीन काय?" मी तिला म्हटलं, येतो करता, आणि तू एकटी राहणार नाहीस. माझं म्हणणं, यंत्र घ्यावं, पण थांबवायचं बटण वावरात हजर असलेल्या माणसाच्या हातात राहील आणि त्याची मजुरी फवारणीच्या दरातच धरली जाईल, असं लिहून घ्यावं. तू यंत्रच नको म्हणशील. ये आणि म्हण. माझ्या विरुद्ध बोललास तरी चालेल, पण त्या पोरीच्या बाजूला बंडूचे दोन्ही मित्र बसलेले असू देत. वर्ध्याहून सकाळची एसटी पकडलीस तर जेवायला पोचशील. पाटवड्या होतील.

तुझा,
वसंता