एस्टीमबद्दल, चि. राणीस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस की या हिवाळ्यात आपली जुनी मारुती एस्टीम ऑटोक्रॉसला, म्हणजे मातीवरच्या वेळेच्या शर्यतीला, उतरवायची की नाही, आणि मी "पाहू" म्हणून विषय शेतातल्या डवरणीवर नेला. उत्तर मला तेव्हाच ठाऊक होते, पण तोंडाने सांगवेना, म्हणून लिहितो आहे.

तुला धास्ती इंजिनाची आहे, तर आधी तेच सांगतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, मोजले. चारपैकी तीन सिलिंडरांत काटा 170 च्या आसपास थांबतो, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरात मात्र 125 वर. त्याच प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले तेव्हा तो 160 पर्यंत चढला, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसतात आणि झिजल्या आहेत त्या पिस्टनच्या रिंगा. हे काम आपल्या शेडमध्ये होण्यासारखे आहे. एस्टीम 2007 मध्ये बंद झाली असली तरी तिचे 1298 सीसीचे इंजिन जिप्सी किंगच्या कुळातले असल्यामुळे नागपूरच्या भंगार बाजारात अजून काहीबाही हाती लागते. इंजिनापायी गाडी घरी बसवण्याची वेळ आलेली नाही.

दुखणे पत्र्यात आहे. मागच्या स्पर्धेचा चिखल धुताना पुढच्या उजव्या शॉकअपच्या माउंटिंगपाशी, जिथे केजचा, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्याचा, पाय वेल्ड केला आहे, तिथे रंगावर केसाएवढी रेघ दिसली. रंग खरवडून चीर शोधायचा लाल डाय लावला, पंधरा मिनिटांनी पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. बघता बघता त्या पांढऱ्यावर चार बोटे लांब लाल रेघ उमटली. ती दोन वर्षांपूर्वीच्या आपल्या वेल्डिंगला अगदी लागून आहे. वेल्डिंगच्या आचेने शेजारचा पातळ पत्रा बदलतो आणि पुढची चीर तिथूनच निघते. आणखी एक पट्टी मारली तर ती पट्टीच्या कडेला सरकेल, एवढेच. जिप्सीला खाली वेगळी चेसिस असते, तिचे वरचे अंग कुजले तरी ती उभी राहते. एस्टीमचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस की एकाच वळणावर गाडी दोनदा सारखी वागत नाही. मी स्प्रिंगा बदलल्या, टायरमधली हवा कमीजास्त केली आणि शेवटी दोष तुझ्या हातांना दिला. बॉडीच्या पत्र्यांचे जोड, म्हणजे स्पॉट वेल्ड, सैल पडून ती पिळू लागली, की खाली कितीही सेटिंग करा, ते टिकत नाही, हे इतकी वर्षे ट्रॅक्टर-जीप उघडणाऱ्या माणसाला सुचायला हवे होते.

सीटबेल्टची 5 वर्षांची मुदतही संपली आहे आणि टिनाच्या शेडमध्ये दोन उन्हाळे ते पंचेचाळीस अंशांत भाजले आहेत. पण ते विकत आणता येतात, म्हणून त्यांचा हिशेब मी या निर्णयात धरत नाही.

तुझे आजोबा तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जोडी नेत, हे तू ऐकले आहेस. जोडी सेकंदावर लागत असतानाच त्यांनी डावा बैल पटातून काढला, कारण सुटताना तो पुढचा पाय किंचित आखडत होता आणि ते जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याशिवाय कोणाला दिसत नव्हते. गाव हसले. तो बैल पुढे सहा वर्षे आमच्या वखराला चालला. एस्टीमला वखराला जुंपता येत नाही, ही अडचण मात्र आजोबांना नव्हती.

हिंगणघाटकडचा एक मुलगा गाडी आहे तशी घ्यायला तयार आहे आणि भावही बरा देतो. मी नाही म्हटले. तो ती पळवण्यासाठीच घेणार, आणि रंगवलेले केज पाहून त्याच्या घरच्यांना ती गाडी भक्कम वाटेल; केजचा पाय ज्या पत्र्यावर उभा आहे तोच फाटत असेल तर उलटल्यावर तो पाय पत्र्यातून आरपार जातो. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स काढून ठेवावेत, केज कोणालाही न देता गॅस कटरने कापावे, आणि बेल्ट कात्रीने तुकडे करूनच टाकावेत, असे माझे मत आहे. न गंजलेली दुसरी बॉडी कुठे मिळाली तर हेच इंजिन तिच्यात बसवू. त्या शोधात मी आहे.

गाडी तुझ्या नावावर आहे, बक्षिसेही तुझ्याच हातांनी आलेली आहेत, म्हणून तुझ्या होकारावाचून मी कटर पेटवणार नाही. दिवाळीला येशील तेव्हा हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊन बोनेटखाली स्वतः वाकून पाहा. त्या रेघेवरची पावडर मी पुसलेली नाही.

तुझे,
बाबा