चार टक्क्यांची खरेदी निविदेपर्यंत का पोहोचत नाही?

मा. संपादक,

सूक्ष्म, लघु उद्योगांच्या केंद्र सरकारकडील 'उद्यम' नोंदणीच्या शिबिरांच्या बातम्या हल्ली वृत्तपत्रांत वरचेवर येतात. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना प्रमाणपत्रे दिली जातात, छायाचित्र निघते आणि शिबिर संपते. खरे काम त्यानंतर सुरू होते आणि ते सांगायला तिथे कोणी थांबत नाही. निविदा भरण्याच्या कामात रोज असलेल्या आम्हा काही जणांना याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी हक्क नेमका किती, ते पाहू. केंद्र सरकारचा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा सार्वजनिक खरेदी धोरण आदेश २०१२ चा. तो १ एप्रिल २०१५ पासून बंधनकारक झाला. २०१८ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय मंत्रालये, खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची आहे. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिलांसाठी. शिवाय ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या. बादल्या, बँडेजचे कापड, काटेरी तार अशा साध्या वस्तू त्या यादीत आहेत. निविदा फॉर्म मोफत आणि बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, माफ. सार्वजनिक उपक्रमांची आकडेवारी 'एमएसएमई संबंध' पोर्टलवर कोणालाही पाहता येते. एकूण २५ टक्क्यांचे लक्ष्य बहुतेक वर्षी ओलांडलेले दिसते, अनुसूचित जाती-जमातींचे ४ टक्क्यांचे मात्र फार मागे राहते.

याचे एक कारण आदेशातच आहे. त्या प्रवर्गातला उद्योजक निविदेत उतरला नाही, किंवा अटींत आणि दरात बसला नाही, तर ते ४ टक्के इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढायची मुभा खरेदीदाराला आहे. त्यामुळे २५ टक्के पुरे झाले की कार्यालय निर्धास्त होते. पात्र निविदा का आली नाही, हे कोणी विचारत नाही. आमच्या मते सगळ्यात मोठी गळती इथेच आहे.

दुसरी गळती प्रमाणपत्र काढतानाच होते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती स्वयंघोषणेवर होते. आधार, पॅन आणि लागू असेल तिथे जीएसटी क्रमांक पुरतो. सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळे त्यासाठी पैसे उकळतात, तो भाग वेगळा. खरी चूक होते ती व्यवसायाचा पाच अंकी एनआयसी कोड निवडताना. एप्रन आणि गणवेश शिवणाऱ्या बाईचा फॉर्म भरणारा मुलगा 'कपडे' शोधतो, ४७७११ हा तयार कपड्यांच्या किरकोळ विक्रीचा कोड निवडतो आणि मोकळा होतो. तिला हवा असतो १४१०१, म्हणजे कपड्यांचे उत्पादन. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ स्वतः बनवलेल्या मालाला आणि स्वतः दिलेल्या सेवेला आहे. व्यापारी, वितरक, एजंट त्यात येत नाहीत, बांधकामाची कंत्राटेही येत नाहीत. म्हणून त्या बाईने बयाणा माफ समजून निविदा भरली की तांत्रिक छाननीत ती पहिल्याच फेरीत बाद होते. शिलाई यंत्रे तिच्या घरात असतात, प्रमाणपत्र मात्र तिला दुकानदार म्हणते. हा कोड पोर्टलवर दुरुस्त करता येतो, तोही फुकट. पण निविदेची अंतिम तारीख उलटल्यावर केलेली दुरुस्ती त्या निविदेला उपयोगी पडत नाही.

सामाजिक प्रवर्गाचेही तसेच. तो प्रमाणपत्रावर छापून येतो आणि पुष्कळदा घाईत 'जनरल' राहून जातो. मालकीचा निकष असा: एकल मालकी असेल तर मालक स्वतः त्या प्रवर्गाचा हवा, भागीदारीत किंवा खासगी कंपनीत त्या प्रवर्गाचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. महिलांनाही हाच नियम. नवरा-बायकोची निम्मी-निम्मी भागीदारी महिला उद्योगात धरली जात नाही, हे बहुतेकांना निविदा बाद झाल्यावर कळते. म्हणून भागीदारीपत्र आधी सुधारून घ्यावे, सीएकडून हिश्श्याचा दाखला घ्यावा आणि जात प्रमाणपत्राची स्वच्छ प्रत सोबत जोडावी. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनी एक गोष्ट विशेष पाहावी. १९९० च्या दुरुस्तीने त्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, पण केंद्रीय उपक्रम केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र मागतात. प्रांत कार्यालयातून ते यायला वेळ लागतो, म्हणून निविदा निघण्याआधीच अर्ज केलेला बरा.

आता दराचे गणित. याबद्दल फार गैरसमज आहे. सवलत आहे म्हणजे दर चढा लावला तरी चालतो, असे अनेकांना वाटते. तसे नाही. समजा १,००० खुर्च्यांची निविदा आहे आणि सर्वांत कमी, म्हणजे एल-वन दर एका मोठ्या कंपनीचा २,००० रुपये आला. लघु उद्योजकाचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे २,३०० रुपयांपर्यंत असेल, तर त्याला २५० खुर्च्या देण्याची संधी मिळते; पण २,००० रुपयांनाच. अशा पात्र लघु उद्योजकांची संख्या जास्त असेल तर त्या २५० खुर्च्या त्यांच्यात वाटल्या जातात. निविदा विभागता येण्यासारखी नसेल तर पूर्ण पुरवठाही देता येतो. आणि एल-वन स्वतःच सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर दुसऱ्याला ही संधी नाही. म्हणून दर भरण्यापूर्वी स्वतःचा तळाचा दर कागदावर काढून ठेवायला हवा: कच्चा माल, मजुरी, वाहतूक, पॅकिंग, चाचणी, जीएसटी आणि बिल उशिरा मिळाले तर तेवढ्या दिवसांचे व्याज. २,००० रुपयांत खुर्ची परवडत नसेल तर २,२९० चा दर भरून हाती काही लागत नाही. उलट दर जुळवून पुरवठा अडला, तर 'जेम' या केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलच्या सर्वसाधारण अटींनुसार दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त १० टक्क्यांपर्यंत दंड कापला जातो.

बयाणा माफ म्हणजे सगळी अनामत माफ, हाही तसाच घातक समज. काम मिळाल्यावर द्यायची सुरक्षा ठेव माफ नाही. ती ३ ते ५ टक्के धरली तरी २० लाखांच्या आदेशावर ६० हजार ते १ लाख रुपये होतात. बँक हमी द्यायची तर बँक मुदत ठेव मागते, म्हणजे ऐन कच्चा माल घेण्याच्या वेळी तेवढा पैसा अडकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना बँक हमीच्या शुल्काचा आणि मालाच्या चाचणी शुल्काचा काही भाग परत मिळण्याची सोय राष्ट्रीय एससी-एसटी हब या केंद्राच्या योजनेमार्फत आहे. राष्ट्रीय लघुउद्योग निगमाच्या कार्यालयात तिचा अर्ज होतो. शिबिरांत हिचा उल्लेख फारसा होत नाही, तो व्हायला हवा.

जेमवर निविदा उघडली की आधी बघायच्या दोन ओळी आहेत: सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल आहे का, आणि त्यांना खरेदीत प्राधान्य आहे का. दोन्हींपुढे 'हो' किंवा 'नाही' असते. पहिल्या ओळीत 'नाही' असेल आणि तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल, तर नव्या उद्योजकाचे कोणतेही प्रमाणपत्र तिथे चालत नाही. दर्जा आणि तांत्रिक निकष सांभाळून ही अट शिथिल करावी, असे केंद्राचे २०१६ पासूनचे सांगणे आहे, पण निर्णय खरेदी अधिकाऱ्याच्या हातात. 'नाही' लिहिणे त्याला सोयीचे, कारण त्याबद्दल जाब विचारला जात नाही. ज्याला अनुभव नाही त्याला काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात सर्वाधिक अडकतो तो पहिल्या पिढीचा उद्योजक, ज्याच्यासाठी हे ४ टक्के ठेवले आहेत.

जेमच्या बाहेरच्या ई-निविदांमध्ये चुका अगदी किरकोळ, पण नुकसान पूर्ण. दरपत्रकाची एक्सेल फाइल आहे त्याच नावाने परत चढवायची असते. 'फायनल' असे नवे नाव दिले की पोर्टल ती नाकारते. रंगीत रकान्यांशिवाय दुसरीकडे काही लिहायचे नाही, मॅक्रो चालू करायचे. दर चुकूनही तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांच्या भागात, दिसता कामा नये. डिजिटल स्वाक्षरीची मुदत महिनाभर आधी तपासावी. आणि बयाणा माफीचा रकाना भरताना उद्यम प्रमाणपत्र तिथेच जोडावे, 'मागितले की देऊ' असे चालत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल संथ होते, तेव्हा आदल्या दिवशीच निविदा चढवून पोच छापून ठेवावी.

आणखी एक गल्लत इथे नेहमी होते. केंद्राचा हा आदेश राज्य सरकारची खाती, जिल्हा परिषदा, महापालिका यांना लागू नाही. राज्याची खरेदी १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिकेप्रमाणे चालते. जिल्हा परिषदेच्या निविदेत केंद्राच्या आदेशाचा हवाला देऊन बयाणा न भरणाऱ्याची निविदा उघडलीही जात नाही. त्या निविदेतली माफीची ओळ शब्दशः वाचूनच ठरवावे.

माल दिल्यानंतरचे दुखणे उशिरा मिळणारे बिल. जेमवर माल पोहोचल्यापासून दहा दिवसांत स्वीकृती प्रमाणपत्र आणि ते दिल्यापासून दहा दिवसांत पैसे, असा नियम आहे. प्रत्यक्षात स्वीकृतीच अडून राहते. एमएसएमई कायदा, २००६ नुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन दाद मागता येते आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढा बळकट कायदा असून छोटा पुरवठादार तो वापरत नाही, कारण पुढचा आदेश त्याच कार्यालयातून यायचा असतो. ही भीती रास्त आहे. म्हणून व्याजाची मागणी पुरवठादाराने करण्याची वाट न पाहता लेखा विभागानेच ४६ व्या दिवसापासून ती आपोआप मोजावी, असे आम्हाला वाटते.

नावापुरत्या मालकीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. कागदावर ५१ टक्के बायकोचे किंवा एखाद्या कामगाराचे आणि सही, बँक, भाव सगळे दुसऱ्याच्या हाती, अशा संस्था खऱ्या उद्योजकाची जागा खातात. अमेरिकेत वाहतूक खात्याच्या निधीतल्या कामांसाठी राज्ये वंचित घटकांच्या उद्योगांना प्रमाणपत्र देतात, तेव्हा ५१ टक्के मालकीबरोबरच धंद्यावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा, हेही पाहतात आणि जागेवर भेट देतात. आपल्याकडे नोंदणी स्वयंघोषणेवर आहे, ती तशीच सोपी राहावी. मात्र ४ किंवा ३ टक्क्यांतून आदेश देण्यापूर्वी बँक खात्यावर सही कोणाची, यंत्रे कोणाच्या नावावर आणि मालकाला कामाची माहिती आहे का, एवढे तपासायला अर्धा दिवस पुरेल.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. ४ टक्के दुसरीकडे वळवले की प्रत्येक निविदेत त्याचे लेखी कारण द्यावे आणि ते 'संबंध' पोर्टलवर दिसावे. अनुभवाच्या अटीपुढे 'नाही' लिहायचे तर तेही कारणासह. मोठ्या निविदांचे शक्य तिथे छोटे भाग पाडावेत. ५,००० गणवेशांची एक निविदा काढण्याऐवजी ५०० चे दहा भाग केले तर दहा यंत्रांचा कारखानाही उतरू शकतो. जिल्हा उद्योग केंद्रांनी शिबिरात प्रमाणपत्र देण्याबरोबर एनआयसी कोड तपासून द्यावा आणि प्रत्येकाकडून एक सरावाची निविदा शेवटपर्यंत भरून घ्यावी. आणि वार्षिक खरेदी आराखडा आधीच संकेतस्थळावर टाकण्याचे बंधन त्या २०१२ च्या आदेशातच आहे. तो एप्रिलमध्ये, वस्तू, संख्या आणि अपेक्षित महिना यांसह निघाला, तर ऑक्टोबरच्या निविदेसाठी लागणारा चाचणी अहवाल आणि बँकेची कर्जमर्यादा यांची तयारी उद्योजकाला उन्हाळ्यातच करता येईल.

आपले,
लघुउद्योजकांना निविदेच्या कामात साहाय्य करणारे काही सल्लागार