रेहान म्हणजे सब्जा, मर्दा

येळ्ळूर, ता. बेळगाव
मिरगाचा दुसरा आठवडा

प्रिय इस्माईल,
सलाम.

तुझं पत्र परवा पोचलं. नातू झाला, आणि पहिल्याच ओळीत तक्रार? पोरीनं ‘रेहान’ ठेवलं, तुला बापाचं ‘दस्तगीर’ हवं होतं. म्हणे मोबाईलवर शोधलेलं फॅशनचं नाव, आणि घरातलं अस्सल अरबी नाव बुडालं. धूळवाफेची पेरणी उरकलीय, पाऊस दडी मारून बसलाय, मलाही काम नव्हतं. कुराण तोंडपाठ असलेल्या हाफिजसाबांचं दोन संध्याकाळी डोकं खाल्लं. कळलं ते लिहितो, रागावू नकोस.

दस्तगीर अरबी नाहीच की. फारसी आहे. दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा. बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींना लोक दस्तगीर म्हणू लागले, त्यावरून आपल्याकडे घरोघरी दस्तगीरसाब झाले. आता तुझं स्वतःचं बघ. इस्माईल कुराणात आहे, पण शब्द मुळात हिब्रू, ‘देव ऐकतो’ असा अर्थ. म्हणजे तुझ्या घरात अस्सल अरबी नाव आलं ते पोरीमुळं! आणि आमच्याकडं? माझा आज्जा दौलतराव. दौलत अरबी. मूळ अर्थ पाळी, फेरा. आज सत्ता याच्याकडं, उद्या त्याच्याकडं; त्यावरून राज्य, आणि आपल्यापर्यंत येता येता पैसाअडका. आज्जाची दौलत एकदा फिरली ती परत आलीच नाही, ते सोड. हैबतराव, साहेबराव यांच्याही पोटात अरबीच. ही सगळी माळकरी माणसं, पंढरीला जाणारी. कुणाला पत्ता नव्हता.

आता रेहान. अरबीत उच्चार ‘रैहान’ असा. अर्थ सुवासिक झाडपाला, आणि खास करून सब्जा. होय, फालुद्यातला सब्जा! मॅटिनी बघून खडे बाजारात आपण दोघांत एक ग्लास घ्यायचो आणि तळातलं बी कुणी चमच्यानं काढायचं यावरून भांडायचो, तो. तुळशीच्याच कुळीतला, शास्त्रात दोघांचं पहिलं नाव ऑसिमम. बियाण्याच्या दुकानात मी तीस वर्षं सब्ज्याचं बी तोललं, पण रेहान विकतोय हे कधी कळलं नाही.

हाफिजसाबांनी कुराणातल्या सूरह रहमानमधली बारावी आयत म्हणून दाखवली. अल्लानं जमिनीत काय काय दिलं ते सांगताना तिथं फोलातलं धान्य आणि रैहान एकाच ओळीत येतात. फोलातलं धान्य म्हटल्यावर मला आमची साळच दिसली. बासमती फुलोऱ्यावर आली की बांधावर उभं राहून बघ, वासासाठी वेगळं झाड लागत नाही. पण तुझ्यासाठी खरी गोष्ट पुढची. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे की त्यांनी हसन आणि हुसेन यांना ‘या दुनियेतले माझे दोन रैहान’ म्हटलं. हसन-हुसेन त्यांचे कोण? नातू. आता बोल. तुझ्या पोरीला हे ठाऊक होतं की नुसतं कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं, ते तिला विचार. मला वाटतं गोड लागलं म्हणूनच. पण बसलं नेमकं.

अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूवरून फुटतात म्हणे. रूह म्हणजे आत्मा, रीह म्हणजे वारा, राहत म्हणजे आराम, आणि हा रैहान, सगळे एका मुळाचे. रूह अफ्जाची बाटली समोर ठेवून हाफिजसाबांनी मला हे समजावलं. शाळेत संस्कृतचे धातू डोक्यावरून गेले होते, हे मात्र सरबतासकट उतरलं.

नाव नवं तर मुळीच नाही. ९७३ साली मध्य आशियातल्या ख्वारज्ममध्ये जन्मलेला अल-बिरूनी संस्कृत शिकला, १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याला अबू रैहान म्हणत. आणि ताजं हवं तर इंग्लंडचा लेगस्पिनर रेहान अहमद. डिसेंबर २०२२ मध्ये कराचीला पहिली कसोटी खेळला तेव्हा अठरा वर्षांचा. इंग्लंडच्या पुरुष संघाचा सगळ्यात लहान कसोटीपटू, आणि दुसऱ्या डावात पाच बळी. तुर्कस्तानात मात्र रेहान पोरींचं नाव आहे, हे तुझ्या बायकोला सांगू नकोस.

चलती आहे हे खरं. आमच्या अंगणवाडीत दोन रेहान, एक अयान, शेजारी विहान आणि रुहान. कुणीही ‘...आन’ अशी हाक मारली की पाचजण वळतात. हिंदू-मुसलमान सगळ्यांनाच सध्या तीन अक्षरी आणि शेवटी ‘आन’ लागतंय. दगडू, दस्तगीर, कल्लाप्पा एकदमच रिटायर झाले.

एक मात्र कान देऊन ऐक. जन्मदाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि तेच सगळीकडं लावा. एक अक्षर घसरलं की रेहानचा रय्यान होतो. ते वेगळंच नाव, म्हणजे तहान भागलेला. रोजेदारांसाठी जन्नतचं जे दार आहे त्याचं नाव. तेही चांगलंच, पण पोरगं दोन कागदांवर दोन माणसं होतं. माझं बघ. रेशनकार्डावर कन्नडात एक मारुती, बँकेत इंग्रजीत दुसरा, सातबाऱ्यावर तिसरा. तिघं एकच आहेत हे पटवायला एका कचेरीत चार महिने खेटे घातले. आपल्या गावाचंच २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं, त्याला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही. मला मागितलं.

अकीका, तुमच्यातलं बारसंच की, पुढच्या महिन्यात धरलायस ना? मी येतोय. कुंदा आणतो, तो तुझ्यासाठी नाही, पोरीसाठी. परसात सब्ज्याचं रोप आलंय, तेही डब्यात लावून आणीन. पुण्यापर्यंत मांडीवर धरावं लागेल, म्हणून खिडकीची जागा मिळाली तर.

तुझा,
मारुती

ता. क. आज्जाच्या नावाचं हाफिजसाबांनी सांगितल्यापासून घरी मला सगळे अरब म्हणायलेत.