पावसाळ्यात ताप असताना दुखण्याची सुई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुडाळ तालुक्यात माझं मेडिकल आहे, त्यामुळे ओपीडीचे कागद रोज हातात येतात. पूर्वी अंगदुखीला नुसती पॅरासिटामॉल नाहीतर ब्रुफेन लिहायचे, आता बहुतेक कागदांवर ॲसिक्लोफिनॅक (हे पण दुखण्याचंच औषध) आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी, सोबत गॅसची गोळी, आणि त्याआधी ओपीडीतच दुखण्यावरचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देऊन झालेलं असतं. ट्रामाडॉल हे जोरदार दुखण्यावरचं औषध २०१८ ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आलं तेव्हापासून ते जपून लिहितात, चांगलंच झालं, पण ह्या बाकीच्या औषधांकडे तेवढं लक्ष कोणी देत नाही.

डॉक्टरांची पण अडचण असते, लाईन दारापर्यंत आणि पेशंटच म्हणतो, "सुई मारा, उद्या लावणीक जावचा आसा." मजुरी बुडाली तर घर कसं चालणार.

पण लावणीच्या चिखलातूनच लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो ना, आणि तो सुरूच होतो ताप, कंबर आणि पोटऱ्या जाम दुखण्याने, म्हणजे माणसाला वाटतं वाकून वाकून अंग दुखतंय. लेप्टो किडनीवर जातो, आणि डायक्लोफिनॅकसारखी औषधं किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. डेंग्यू निघाला तर ह्या औषधांनी रक्तस्राव वाढायची भीती. गॅसची गोळी पोट सांभाळते, किडनी नाही, हे लोकांना कोणी सांगतच नाही. त्यात म्हातारं माणूस बीपीची आणि लघवीची गोळी घेत असेल तर धोका आणखी वाढतो. हेच डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं किडनी बंद पडून मेली, म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली.

शिवाय एकत्र गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं, तापाला वेगळी पॅरासिटामॉल ६५० ची दिलेली असते, पाकिटावरची नावं वेगळी म्हणून लोक दोन्ही घेत राहतात आणि पॅरासिटामॉल जास्त पोटात जातं.

आरोग्य विभागाला आणि खाजगी डॉक्टरांना कळकळीची विनंती, पावसाळ्यात ताप असलेल्या पेशंटला लेप्टो-डेंग्यूची तपासणी होईपर्यंत दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल द्या, आणि कागदावर किती दिवस घ्यायचं ते लिहा. दिवस लिहिलेले नसले की तोच कागद घेऊन माणसं महिनोन्महिने येतात. आणि आम्ही मेडिकलवाल्यांनी पण, डायक्लोफिनॅक शेड्यूल एच मधलं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे, ते चिठ्ठीशिवाय देणं बंद करायलाच हवं, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

एक मेडिकलवाला, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग