ससूनशेठ, तुमचे आभार मानायचे राहिले होते

डेव्हिड ससूनशेठ, नमस्कार.

तुम्ही १८६४ ला इथेच पुण्यात गेलात, त्यामुळे हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे कळतंय मला. पण पप्पांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांचे आभार मानून झाले, सिस्टरांचे झाले, वॉर्डातल्या मामा-मावशींचे पण झाले, तुमचेच तेवढे राहिले होते.

पप्पा बाथरूममध्ये घसरले, आधी घराजवळच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं आणि तिथलं एस्टिमेट ऐकून आई मटकन खालीच बसली. काका म्हणाले, चला सरळ ससूनला, म्हणजे तुमच्या नावाच्या सरकारी हॉस्पिटलात. केस पेपर, एक्स-रे, या खिडकीतून त्या खिडकीत, गर्दी तर विचारूच नका, कॉरिडॉरमध्ये चटया टाकून नातेवाईक झोपलेले, कोणी जुन्नरचं, कोणी दौंडचं, आणि शेजारच्या बेडवरच्या आजोबांची सून हडपसरहून डबा आणायची त्यात दोन भाकऱ्या न सांगता आमच्या नावच्या असायच्या, वर ठेचा. ऑपरेशन नीट झालं. खर्च म्हणाल तर आम्हाला झेपेल असा.

रात्री तिथे झोप कुठली लागतेय, मग मोबाईलवर तुमच्याबद्दलच वाचत बसायचे. खरं सांगते, ससून हा माणूस होता हे डोक्यातच आलं नव्हतं कधी. बगदादचे ज्यू, वडील तिथल्या पाशांचे, म्हणजे सुभेदारांचे खजिनदार, तुम्ही दाऊद पाशाच्या जाचातून निसटून बुशहरला आलात आणि १८३२ च्या सुमारास सगळं कुटुंब घेऊन मुंबईत. १८५३ ला ब्रिटिश नागरिक झालात तेव्हा सही हिब्रूत केलीत, हे मला फार आवडलं, गव्हर्नरच्या ओळखीचा माणूस पण अंगात बगदादी झगा आणि डोक्याला पागोटं ते तसंच. हॉस्पिटल सुरू झालं १८६७ ला, म्हणजे तुम्ही ते चालू झालेलं बघितलंच नाही! पुढे १९२४ ला येरवड्यातून गांधीजींना अपेंडिक्ससाठी इथेच आणलं, कर्नल मॅडॉकनी ऑपरेशन केलं, मध्येच लाईट गेले तेव्हा कंदिलावर उरकलं म्हणे.

एक गोष्ट मात्र लिहायला पाहिजे शेठ, राग मानू नका. तुमच्या पेढीचा पैसा कापूस-कापडातून आला तसा अफूतून पण आला, माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची आणि तिकडे घरंच्या घरं बसली. त्या काळी मुंबईतले बरेच बडे व्यापारी त्यात होते हे मान्य, जमशेटजी जीजीभॉय पण होते, पण म्हणून ते बरोबर होत नाही. मला दोन्ही एकदम वाटतं, त्या पैशाची चीड पण येते आणि पप्पा त्याच पैशाने उभ्या राहिलेल्या हॉस्पिटलातून चालत घरी आले हे पण खरंय. याचं काय करायचं मला नाही माहीत.

डिस्चार्जनंतर कॅम्पात लाल देवळापाशी जाऊन आले. विटांचं ते सिनॅगॉग तुम्हीच बांधायला घेतलेलं, शेजारी तुमची समाधी. नवी पेठेतलं निराधार म्हाताऱ्यांचं निवारा पण तुमच्याच देणगीतलं निघालं, आम्ही त्यावरून कितीदा गेलोय! भायखळ्याचं सिनॅगॉग, काळा घोड्याची लायब्ररी, पोरांनी पुढे बांधलेला ससून डॉक, यादी लांब आहे.

पप्पा आता काठी घेऊन सोसायटीत फिरतात आणि बाकावर बसून सगळ्यांना तुमची गोष्ट सांगतात, फक्त बगदादच्या जागी इराण म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, बुशहर इराणातच की.